मदत हवी आहे: एलिट डेंजरस या अंतराळयानांच्या गेममध्ये डॉल्फिननंतर कोणतं जहाज घ्यावं, ओर्का की पायथन?

सध्या डॉल्फिन आहे, हातात 9 कोटी क्रेडिट (गेममधलं चलन). लांबच्या पर्यटक फेऱ्या करायच्या आहेत, युद्ध नको, खाणकाम नको. बेलुगा हे मोठं प्रवासी जहाज परवडत नाही, तेव्हा ती सुचवू नका.

ओर्का रिकामी सुमारे 4.85 कोटी, पायथन 5.7 कोटी; दोन्हींत पुनर्खरेदीचे (जहाज नष्ट झाल्यास ते परत घेण्याचे) 5 टक्के बाजूला ठेवलेत. अडचण अशी की लक्झरी केबिन (प्रवाशांची सर्वांत वरच्या दर्जाची खोली) फक्त सॉड क्रूगर या कंपनीच्याच जहाजांत, म्हणजे डॉल्फिन, ओर्का, बेलुगात बसते, म्हणजे पायथनमध्ये फर्स्ट क्लासवरच थांबावं लागतं. पण ओर्काला उतरायला मोठा पॅड (उतरण्याची जागा) लागतो. रोबिगो माइन्ससारख्या आउटपोस्टवर (छोट्या स्थानकावर) जास्तीत जास्त मध्यम पॅड असतात, तिथे ती उतरतच नाही. पायथन उतरते, शिवाय 6 नंबरचे (आकाराचे) तीन स्लॉट, म्हणजे केबिन वगैरे बसवायच्या जागा. ओर्कात एकच.

डॉल्फिनवर करून पाहिलंय: 5 नंबरच्या स्लॉटमध्ये लक्झरी केबिन, जेमतेम चार प्रवासी. तोच सर्वांत मोठा स्लॉट, मग स्कूप (ताऱ्यापासून इंधन भरणारं यंत्र) लहान घ्यावा लागतो आणि ताऱ्यापाशी नुसतं ताटकळणं. उष्णता मात्र छान आवरते, हे तिचं खरं कौतुक.

आणखी एक, पावसाळ्यात म्हापशात वीज कधीही जाते. गेम बंद असला तरी मिशनचं घड्याळ चालूच राहतं. म्हणून मुदतीला निदान एक दिवस शिल्लक राहील अशाच फेऱ्या घेतो. सोलो मोडमध्येच खेळतो, इंजिनिअरिंग (जहाजाच्या भागांत सुधारणा) अजून काहीच नाही.

ओर्का घेतली तर 6 नंबरच्या स्लॉटमध्ये लक्झरी केबिन टाकून स्कूप 5 चा ठेवावा की उलट? आणि फक्त मोठ्या पॅडच्या स्थानकांवरून पुरेशी लक्झरी मिशन्स मिळतात का, की शेवटी पायथनच बरी?