औषधांच्या लेखांत डोस नकोच

या चर्चेत वर कुणीतरी सुचवलंय की मराठी विकिपीडियावरच्या औषधांच्या लेखांत लोकांच्या सोयीसाठी डोसही द्यावा. हेतू चांगला आहे, पण मला हे अजिबात पटत नाही. इंग्रजी विकिपीडियाचे वैद्यकीय लेखांचे संकेतही सहसा डोस देऊ नका असंच सांगतात.

पॅरासिटामॉलचंच घ्या. मुलांचं सिरप ५ मिलीला १२५ मिग्रॅचं मिळतं तसं २५० चंही मिळतं, आणि ड्रॉप्समध्ये १ मिलीतच १०० मिग्रॅ असतं. मग लेखात 'एक चमचा' लिहिलं तर तो कुठल्या बाटलीतला? मेथोट्रेक्सेटचं तर आणखी नाजूक. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घेतात. कुणी चांगल्या मनाने तिथे 'रोज' केलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर वाचणाऱ्याच्या जिवावर बेतेल.

शिवाय इंग्रजी लेख जसाच्या तसा उतरवूनही भागत नाही. निमेसुलाइड या वेदनाशामक औषधाला अमेरिकेत कधी मंजुरीच मिळाली नाही आणि भारतात २०११ पासून ते १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला बंदी आहे. आपल्या वाचकाला ही बंदीच आधी दिसली पाहिजे, संदर्भासकट. संदर्भ म्हणजे आढावा घेणारे शोधनिबंध किंवा नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया (औषधांच्या वापराची सरकारी मार्गदर्शिका). कंपनीचं माहितीपत्रक नव्हे, पेपरातली बातमीही नव्हे.

दुष्परिणामांबद्दल बिनसंदर्भाचं वाक्य दिसलं तर नुसता 'संदर्भ हवा' अशी खूण करणारा साचा लावून पुढे जाऊ नका, ते काढून चर्चापानावर ठेवा. निमेसुलाइडच्या लेखापासून सुरुवात करायला मी तयार आहे. फार्मसीतलं कुणी इथे असेल तर तपासायला सोबत या.