मदत हवी आहे : दिवाणी आणि मध्यस्थीवाला वकील, कुडाळ-सावंतवाडी साईडला

नमस्कार मंडळी, आमचं घर नि कलमांची बाग सामायिक, सातबाऱ्यावर आजोबांच्या सगळ्या वारसांची नावं, आणि आता मुंबईच्या काकांशी गडग्यावरून (हद्दीच्या दगडी कुंपणावरून) वाजलंय. गडगा निमित्त हो, खरं दुखणं वाटपाचंच. दावा लावला तर किती वर्षं जातील देव जाणे, आणि गणपती तर एकाच घरात असतो आमचा!

एका वकीलबाईंचं नाव कळलंय, स्वतःचं छोटं ऑफिस टाकलंय, फक्त दिवाणी कामं नि मध्यस्थी बघतात. फोनवर बोलणं आवडलं, आधी फेरफार आणि जुने सातबारे घेऊन या म्हणाल्या, फीचं नंतर बघू. पण शंका अशी की त्या दोन्ही बाजूंच्या मध्ये बसल्या आणि फिसकटलं, तर मग माझ्याच बाजूने कोर्टात कशा उभ्या राहणार? मला तरी ते पटत नाही, काका तर ऐकणारच नाहीत. मध्यस्थ वेगळा घ्यावा का? लोकअदालतीतली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच धरतात नि तिच्यावर अपील नाही एवढं ठाऊक आहे, पण दावा न लावता ओरोसला, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी, विधी सेवा प्राधिकरणात (लोकअदालत भरवतात तेच) कुणी अर्ज केलाय का? फीचा अंदाजही सांगा प्लीज.