बाईचा मान आणि शास्ते १९: 'सुकेळी' यांना उत्तर

कडूलिंब:
कालच्या धाग्यावर 'सुकेळी' यांचं वाक्य: 'बायबलइतका बाईचा मान कुठल्याच धर्मग्रंथात नाही, उगाच का पंडिता रमाबाईंनी १८८३ साली बाप्तिस्मा घेतला?' तिथे गप्प बसले, मग रात्री झोप लागेना. म्हणून हा धागा.

आमचं घर नगरकडचं, चौथी पिढी ख्रिस्ती. संडे स्कूलात बायबलातली रूथ पाठ, एस्तेर पाठ. शास्ते १९ (बायबलातल्या 'शास्ते' या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय) मात्र पस्तिशीत सापडलं, तेही स्वतः वाचताना. गिबा गावातले गुंड दारात येतात, तर मुक्कामाला आलेला लेवी (याजकांच्या वंशातला माणूस) स्वतःच्या उपपत्नीला त्यांच्यापुढे बाहेर काढतो. रात्रभर तिचे हाल. सकाळी ती दारात पडलेली, हात उंबऱ्यावर. आणि हा म्हणतो, ऊठ, निघू या. बायबलातल्याच 'अनुवाद' या पुस्तकाचा २२वा अध्याय घ्या: कुमारिकेवर जबरदस्ती केली तर बापाला पन्नास शेकेल चांदी आणि लग्न त्याच्याशीच.

आणि रमाबाईंचं म्हणाल तर इंग्लंडात चेल्टनहॅमला त्यांनी मुलग्यांना शिकवायची गोष्ट निघाली तेव्हा बिशप लोकांनी हरकत घेतली. ही री कुणाची ओढत होते ते? बाईने पुरुषाला शिकवू नये म्हणणाऱ्या, बायबलातल्या तीमथ्याच्या पत्राचीच ना?

सुकेळी:
ताई, झोपमोड झाली, माफी. पण शास्त्यांचं पुस्तक त्या प्रकाराला शाबासकी देत नाही. ज्याला जे बरं दिसे ते तो करी, या वाक्यावर ते संपतं, ते उगाच नाही. आणि बिशप म्हणजे बायबल नव्हे.

शोमरोनी बाईची गोष्ट ऐकून मन हललं असं रमाबाईंनी स्वतः लिहिलंय. भर दुपारी विहिरीवर, पाच नवरे झालेल्या बाईकडे येशू पाणी मागतो, तेही यहुदी ज्यांच्याशी व्यवहार ठेवत नाहीत त्या समाजातल्या. पाणवठा म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. येशूच्या पुनरुत्थानानंतर योहानाच्या शुभवर्तमानात पहिलं दर्शन मग्दालीया मरीयेला. ती वेश्या होती असं एका ओळीत दाखवा! ५९१ साली पोप ग्रेगरींनी प्रवचनात बायबलातल्या तीन वेगळ्या बायका एकच मानून खिचडी केली, तिथून ते आलं.

नगरी_भेळ:
शिजवली त्यांनी. १९६९ पर्यंत रोमच्या चर्चात वाढली कुणी?

जुनी_पेटी:
पौलाच्या करिंथकरांना पहिल्या पत्राचा अध्याय घ्या. करिंथ १४ म्हणतं बायकांनी मंडळीत गप्प राहावं. करिंथ ११ म्हणतं प्रार्थना करताना डोकं झाकावं. गप्पच बसायचं तर झाकून काय करायचं? (काही जुन्या हस्तलिखितांत 'गप्प राहा'ची वचनं अध्यायाच्या शेवटी जाऊन बसलीत. मागाहून कुणीतरी घुसवली, असं काही अभ्यासक मानतात.)

माझा राग पदरावर. कॉलेजात असताना पहिल्यांदा शास्त्रवाचन मिळालं. आईची नायलॉनची साडी, पदर ठरेना. दुसऱ्याच वचनाला घसरला. पहिल्या बाकावरचे एक वडील खाकरले, बोटाने डोक्याकडे खूण. घेतला. परत घसरला, परत खाकरणं. पुढच्या रविवारी आईने काळी पिन दिली. उतारा कुठला होता आठवत नाही, पिन आठवते.

फादरचा_भाचा:
पदर पौलाचा नाही, पाटलाचा आहे. आमच्या शेजारच्या हिंदू काकूही मामंजी दिसले की घेतात. उगाच बायबलवर बिल फाडू नका.

जुनी_पेटी:
काकूंना मामंजी अध्याय-वचन दाखवत नाहीत. आम्हाला दाखवतात.

नगरी_भेळ:
त्याच अध्यायात पुरुषाने डोकं झाकू नये असंही आहे. लग्नात फेटे बांधून देवळात शिरतात तेव्हा कोण खाकरतं?

सुकेळी:
फेट्यावर आलात, म्हणजे मुद्दे संपले.

उलटा_चष्मा:
पदर, फेटा, बास! ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यावर कुणी बोलेल? नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरे. बायकोला त्याच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य नाहीतर त्याग सिद्ध करायचा. २००१ मध्ये बदलला. माझी मावशी तोवर अकरा वर्षं माहेरी भाकऱ्या थापत होती, का तर नवरा मारायचा, पण 'बाहेरचं' काही सापडत नव्हतं.

सुकेळी:
मावशींचं वाईट वाटलं. पण तो इंग्रजांचा कायदा.

उलटा_चष्मा:
इंग्रज काय गीता वाचून कायदे करत होते?

कडूलिंब:
मरीयेचं मान्य. शोमरोनी बाईचंही मान्य, ती गोष्ट मलाही आवडते, तुमच्या मालकीची नाही. पण मग शास्ते १९ वेदीवरून का नाही वाचत? लेखकाला ते चुकीचंच दाखवायचं होतं ना? मग लपवता कशाला?

सुकेळी:
लपवत नाही म्हणून ठणकावणार होतो. रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र चाळलं. नाहीये.

कडूलिंब:
चाळलंत, हेच पुष्कळ.