मदत हवी आहे : टॅकोमाला पुढे सॉलिड एक्सल टाकू का? शुक्रवारच्या आत सांगा

रानवारा
मंडळी, घाईत आहे, थोडक्यात विचारतो.

टॅकोमा, टोयोटाचा पिकअप, फोर बाय फोर. शनिवारी उजवा सीव्ही, म्हणजे पुढचं चाक फिरवणारा सांध्याचा दांडा, परत गेला. या उन्हाळ्यातला दुसरा. डोंगरात तीन तास जॅक लावून बसलो होतो, वर गारा. ओळखीतल्या एकाचं म्हणणं, पुढचं आयएफएस (दोन्ही चाकांचं स्वतंत्र सस्पेन्शन) कापून टाक, सॉलिड एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड एक्सल) घाल, जन्माची कटकट मिटेल. त्याच्याकडे एक एक्सल पडून आहे, ९०० डॉलर म्हणतोय. शुक्रवारपर्यंत सांगितलं नाही तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

घेऊ की नको? एवढंच हवंय.

इंग्रजी फोरमवर विचारलं तर 'आधी शोधून बघ' म्हणून हाकललं. 'विकून जीप घे' हा सल्ला नको, तो घरातून मिळालेला आहे.

मंजिरी_के
कुठल्या सालची टॅकोमा? टायर किती इंची? लिफ्ट आहे का, म्हणजे गाडी उंच केली आहे का, असेल तर कसली? रोज चालवता की फक्त ट्रेलला? आणि 'एक एक्सल' म्हणजे कशाचा? एवढंच हवंय म्हणता, पण तुम्हीही एवढंसंच सांगितलंय.

पाटेवाला_तासगाव
घ्या बिनधास्त. आमच्या वडिलांची एमएम ५४० जीप होती, पुढं पाटे, मागं पाटे. द्राक्षाच्या हंगामात बागेतल्या चिखलातनं ओढायची. कधी सीव्ही गेला नाही, कारण तिला सीव्ही नव्हताच. पाटा तुटला तर कुठलाही मिस्त्री तासाभरात घालतो. स्वतंत्र सस्पेन्शन म्हणजे नुसते नखरे, चार बुश आणि दोन बॉल जॉइंट वाढवून ठेवलेत बघा.

रानवारा
२००१ ची. ३३ इंची टायर. लिफ्ट आहे, ३ इंच. एक्सल टोयोटाचाच आहे, त्यामुळे ती अडचण नाही. कृपया मुद्द्यावर या.

कातळकडा
मुद्द्यावरच येतोय. मी १९९८ च्या टॅकोमाला हे केलंय, त्यामुळे जरा ऐक.

'टोयोटाचाच आहे' याने काही कळत नाही. १९७९ ते ८५ च्या पिकअपचा असेल तर त्याचा डिफचा गोळा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणारे गिअर असतात तो, उजव्या बाजूला असतो. तुझ्या टॅकोमाच्या ट्रान्सफर केसमधून (पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी) पुढचा प्रोपेलर शाफ्ट डाव्या बाजूने, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूने निघतो. शाफ्ट डावीकडे आणि गोळा उजवीकडे. जोडणार कसं?

गाडीखाली वाक आणि बघ. मग त्या एक्सलवाल्याकडे जा आणि तोही बघ.

पाटेवाला_तासगाव
मग एक्सल उलटा करून बसवायचा. उजवीकडचा गोळा डावीकडं येतो. त्यात काय एवढं.

कातळकडा
येतो की. फक्त फोर व्हील टाकली की पुढची चाकं मागे फिरतील आणि मागची पुढे. गाडी जागच्या जागी फुगडी घालेल. 🙂

नियमावली
सर्वांच्या माहितीसाठी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं आहे. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आरटीओने पासिंग नाकारलं की मग कुठे जाल? विचार करावा.

मंजिरी_के
काका, टॅकोमा भारतात विकतच नाहीत. गाडी अमेरिकेत आहे.

नियमावली
तसं धाग्यात कुठेही लिहिलेलं नाही.

रानवारा
अहो, डॉलर लिहिलंय ना! डेन्व्हरला आहे. इथे दर वर्षी सेफ्टी तपासणी नसते, फक्त धुराची चाचणी. इंजिनाला हात लावणार नाही, त्यामुळे तो प्रश्नच नाही.

कातळकडा, एक्सल १९८४ च्या पिकअपचा आहे. गोळा बघायला उद्या जातो. पण समजा बाजूचं जमलं, तर पुढे सोपं आहे ना? एका वीकेंडचं काम म्हणाला तो.

कातळकडा
वीकेंड? एका वीकेंडमध्ये तुझं जुनं सस्पेन्शन निघेल आणि गाडी चार स्टँडवर बसेल. मग ती तिथेच बसते.

तुझ्या गाडीला रॅक अँड पिनियन स्टिअरिंग आहे. सॉलिड एक्सलला ते चालत नाही, एक्सल वरखाली होणार आणि रॅक चासीला पक्की. म्हणून स्टिअरिंग बॉक्स घालावा लागतो. लोक १९८६ ते ९५ च्या पिकअपचा घेतात, त्यासाठी चासीला आतून नळ्या घालून वेल्डिंग, वर ड्रॅग लिंक, नकलवर उंच आर्म. मग पाट्यांचे हँगर, शॉकअपचे हूप, लांब ब्रेक होज, पुढचा प्रोपेलर शाफ्ट नव्या मापाचा. पुढच्या-मागच्या डिफचा रेशो (शाफ्टचे किती फेरे झाले की चाकाचा एक) तंतोतंत एक पाहिजे, नाहीतर फोर व्हीलमध्ये गाडी स्वतःशीच भांडते. तुझा मागचा बहुतेक ४.१० असेल. ८४ च्या एक्सलमध्ये काय निघतं ते देव जाणे. ३५ इंची टायरवर जाणार असशील तर दोन्हीकडे ४.८८ किंवा ५.२९, म्हणजे दोन्ही डिफ उघडा.

मी डाव्या गोळ्याचं हाउसिंग नवीन करून घेतलं. २०१६ मध्ये एकंदर साडेआठ हजार डॉलर गेले, तेही वेल्डिंग मित्राने दोन केस बिअरवर केलं म्हणून. पाच महिने लागले. बायको त्या काळात माझ्याशी फक्त 'गराज कधी रिकामं होणार' या विषयावर बोलायची.

आता तू काय विचारशील ते माहीत आहे. पश्चात्ताप झाला का? नाही. रुबिकन ट्रेलवर जिथे आधी तीन चाकांवर लटकायचो, तिथे आता चारही चाकं जमिनीला. एक चाक दगडावर चढलं की तोच एक्सल दुसऱ्या चाकाला खाली दाबतो, हा खरा फायदा. पण मी ती गाडी ऑफिसला नेत नाही.

सुरक्षित_अंतर
मी चाकणला सस्पेन्शनमध्ये बारा वर्षं काढली आहेत, म्हणून राहवत नाही. वरचं सगळं एकतर्फी आहे. सॉलिड एक्सल म्हणजे हाउसिंग, डिफ, नकल सगळं वजन स्प्रिंगच्या खाली. खड्ड्यावर तो सगळा गठ्ठा उसळणार. एका चाकाचा धक्का दुसऱ्याला. टोयोटाने अमेरिकेतल्या पिकअपचं पुढचं सस्पेन्शन १९८६ मध्ये स्वतंत्र केलं, लँडक्रूझरचं १९९८ मध्ये १०० सिरीजला. फोर्डने २०२१ ची ब्रॉन्कोसुद्धा आयएफएसवर काढली. हे सगळे अडाणी आहेत का?

कातळकडा
अडाणी नाहीत, त्यांना हायवेवर चालणाऱ्या गाड्या विकायच्या आहेत. ७० सिरीजच्या लँडक्रूझरला पुढे अजून सॉलिड एक्सल आहे, रँगलरलाही आहे. ते कोणासाठी ठेवलंय?

आणि क्लिअरन्सचं बोला ना साहेब. स्वतंत्र सस्पेन्शन दगडावर दबलं की गाडीचं पोट खाली येतं. सॉलिड एक्सलचा गोळा टायरच्या मापाने जमिनीपासून जेवढा वर, तेवढाच राहतो.

सुरक्षित_अंतर
तेवढाच राहतो, पण असतो मुळात खाली! सपाट वाटेवर आयएफएसचा डिफ चासीला टांगलेला असतो, तो वर असतो. दगडधोंड्यात तुमचं बरोबर, बाकी ९० टक्के ठिकाणी माझं.

पाटेवाला_तासगाव
तुमचं ९० टक्के पुण्याच्या रस्त्यावरचं. आमच्याकडं या एकदा.

भटका_जीव
जरा अवांतर, पण विषय निघालाच आहे म्हणून. जिम्नीला पुढेमागे दोन्हीकडे सॉलिड एक्सल आहे ना? मी घ्यायच्या विचारात आहे. रोज हिंजवडी, महिन्यातून एकदा ताम्हिणी. ऑटोमॅटिक घ्यावी की मॅन्युअल?

मंजिरी_के
रानवारा, सगळे एक्सलवर भांडतायत, पण तुमचा सीव्ही *का* गेला हे कोणी विचारलंच नाही. मी कोलोरॅडो स्प्रिंग्सला आहे, फोररनर चालवते, माझेही दोन गेलेत. म्हणून विचारते:

सीव्हीचा रबरी बूट फाटून ग्रीस गेलं होतं की जॉइंट थेट तुटला? लिफ्ट म्हणजे नवीन कॉइलओव्हर (स्प्रिंग-शॉकअप एकत्र) की वर नुसता स्पेसर, चकती? डिफ ड्रॉप केलाय का, म्हणजे डिफ खाली घेतलाय का? तुटला तेव्हा स्टिअरिंग पूर्ण वळलेलं होतं का? आणि जाता कुठे?

रानवारा
पहिला, बूट फाटला होता, मी दोन महिने बघू म्हणत राहिलो. दुसरा कडाड आवाज करून तुटला. पहिला गेला तेव्हा स्वस्तातला रिबिल्ट, जुनाच दुरुस्त केलेला, घातला होता, तोच.

लिफ्ट स्पेसर. डिफ ड्रॉप नाही.

स्टिअरिंग वळलेलं होतं, हो. डावं चाक हवेत होतं, मागचा लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) लावलेला. मी ॲक्सिलरेटर दाबला. पण गाडी फोर बाय फोर आहे, दाबायलाच असते ना?

जातो इथल्या कोलोरॅडोच्या डोंगरात, उरे, टेल्युराइड, इमोजीन पास. युटातल्या मोआबला वर्षातून एकदा. ऑफिसला रोज हीच गाडी, ४० मैल.

मंजिरी_के
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मंगळवारीच संपलं असतं.

इमोजीन १३,११४ फूट उंच आहे, पण तिथे दर उन्हाळ्यात कंपनीच्या फिटिंगमधल्या गाड्या चढतात. त्यासाठी सॉलिड एक्सल म्हणजे गल्लीतल्या क्रिकेटला तंबू ठोकणं. तुमच्या गाडीला हबला हाताने फिरवायचं लॉक नसेल तर सीव्ही टू व्हीलमध्येही सतत फिरत असतात. ३ इंच उचललेल्या गाडीत ते रोज ४० मैल वाकड्या कोनात फिरतात. बूट फाटणारच. आणि चाक वळलेलं, दुसरं हवेत, त्यात रेस दिली की रिबिल्ट काय नि नवीन काय.

डिफ एक इंच खाली घ्या, कोन कमी होईल. चांगल्या प्रतीचे दोन सीव्ही घ्या, एक जुना सोबत ठेवा. बदलायला शिका, मला आता ट्रेलवर दीड तास लागतो. चाक हवेत दिसलं की पाय काढा, दगड रचा, मग चढा. एवढं करून मोआबला कमी पडलं, तर पुढच्या वर्षी कातळकडांच्या गराजमध्ये जा.

आणि हो, गाडी कुठून आणलीत? मूळची कोलोरॅडोचीच का?

कातळकडा
मंजिरीताई म्हणतात त्यात चूक काही नाही. मी फक्त एवढं म्हणेन की ज्याला एकदा चारही चाकं टेकलेली गाडी मिळाली, त्याला परत ते लटकणं सहन होत नाही. पण रोज ४० मैल हायवे असेल तर मीही नाही म्हणेन. कॅस्टर, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या धुरीचा कल, जरा चुकला, टायरॉडचा एक एंड ढिला झाला, की ६० च्या पुढे स्टिअरिंग असं थडथडतं की दात वाजतात. आय-७० च्या उतारावर हे झालं तर हसू येणार नाही.

सुरक्षित_अंतर
म्हणजे शेवटी माझंच खरं.

कातळकडा
रोजच्या गाडीपुरतं. फुशारक्या नकोत.

रानवारा
उत्तर देऊन टाकतो, ताई. २०१९ ला मिशिगनवरून आली. आधीचा मालक तिथलाच.

मंजिरी_के
मिशिगन! म्हणजे अठरा हिवाळे रस्त्यावरच्या मिठात. एक्सल राहू द्या बाजूला. हातोडी घ्या आणि चासी खालून ठोकत जा, विशेषतः मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ आणि जिथे माती साठते तिथे. ठणठण वाजलं तर ठीक. भद्द वाजलं तर स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. एक्सल बदलायचा म्हणजे सगळा भार त्या चासीवर वेल्ड केलेल्या हँगरवर. खाली पत्राच उरला नसेल तर वेल्ड कशाला करणार?

पाटेवाला_तासगाव
हे मात्र खरं. आमच्या गाडीची चासी द्राक्षाच्या औषधानं खाल्ली होती. बाहेरून रंग, आत जाळी.

भटका_जीव
जिम्नीची चासी गंजते का?

रानवारा
शुक्रवार, संध्याकाळ.

एक्सल बघून आलो. गोळा उजवीकडे. माझा शाफ्ट डावीकडे. एक्सलवाला म्हणाला, 'ते काय, जमवता येतं.' कसं ते विचारल्यावर फोन आला म्हणून बाहेर गेला. नाही घेतला.

मग घरी येऊन हातोडी घेतली. पुढे सगळीकडे ठणठण. मागे डावीकडे, पाट्याच्या पुढच्या हँगरच्या वर, स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर गंजाचा भुगा पडला, वाटीभर.

सीव्ही सध्या विसरलो. डेन्व्हरच्या आसपास चासीचं पॅचिंग नीट करणारा कोणी माहीत आहे का? सोमवारी ऑफिसला जायचंय याच गाडीने.

कातळकडा
जाऊ नको. पाट्याचा हँगर सुटला तर मागचा एक्सल तिरका होतो, ७५ मैलांच्या वेगात. बस पकड.

मंजिरी_के
एक वेल्डर माहीत आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. आधी फोटो टाका, भोक केवढं आहे, हँगरचे रिव्हेट धरून आहेत का, उजव्या बाजूला काय स्थिती आहे. पॅच बसेल की चासीच बदलावी लागेल हे त्यावर ठरेल.

रानवारा
उजवी बाजू बघितलीच नाही. बघतो. इथे फोटो कसा टाकायचा?