सेफ्टीचा नियम मोडणाऱ्या कामगाराची हजेरी कापावी का?

रात्रपाळी
चाकणजवळच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवतात तिथे, मी सुपरवायझर आहे. परवा राउंडला गेलो तर ६३ टनी प्रेसवर ऑपरेटरने डाव्या बटणात पुठ्ठ्याची घडी कोंबून वरून टेप मारलेला. उजव्या हाताने बटण दाबतोय आणि डाव्या हाताने डायमध्ये, म्हणजे साच्यात, जॉब (पत्र्याचा तुकडा) ठेवतोय. दोन बटणं दिलीत तीच मुळी दोन्ही हात डायबाहेर राहावेत म्हणून. मशीन बंद केलं, त्याला घरी पाठवलं, हजेरी लावली नाही. आता सगळ्या शॉपमध्ये मीच वाईट. पण पोस्टर लावून आणि ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ घेऊन काही होत नाही, हे मी इतकी वर्षं बघतोय. दंड बसलाच पाहिजे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातलं कलम १११ सांगायचं की सुरक्षेसाठी बसवलेल्या साधनाशी कामगाराने छेडछाड करायची नाही; नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या संहितेतही तेच आहे.

कामगारपोर
साफ असहमत. त्याच जुन्या कायद्यातलं कलम २१ पण वाचा. मशीनचा धोकादायक भाग मजबूत गार्डने झाकायचा आणि मशीन चालू असेपर्यंत तो गार्ड जागेवर ठेवायचा, ही जबाबदारी त्यात कारखान्याची होती.

माझ्या वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटं अशाच प्रेसवर गेली. दोन्ही बटणं दाबून काम केलं की टार्गेट पुरं होत नसे, आणि नग कमी पडले की ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवायचा. टेपचा रोल सुपरवायझरच्या टेबलावर असायचा. अपघातानंतर कागदावर आलं 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा'. आजही ते शर्टाचं वरचं बटण आईकडून लावून घेतात. तुम्ही टेप कुणी मारला ते लिहिलंत, तासाला किती नग मागता ते लिहिलं नाहीत.

लघुउद्योजक
माझ्याकडे ११ प्रेस आहेत. माल घेणारी कंपनी दरवर्षी नगामागचा दर कमी करायला सांगते. तरी मागच्या वर्षी कर्ज काढून हात मध्ये आला की ओळखणारे सेन्सर बसवले, आठवड्याभरात पोरांनी बायपास केले. मालकाने अजून काय करायचं? पगारातून कापल्याशिवाय कळत नाही. रात्रपाळी यांनी केलं ते योग्यच.

मिस्त्री
२६ वर्षं प्रेसच्या मेंटेनन्सला आहे म्हणून लिहितो. लघुउद्योजक, तुमच्या प्रेसचा क्लच, म्हणजे मोटरची गती रॅमला (वरून दाब देणाऱ्या भागाला) जोडणारा भाग, कोणता? पिन क्लच असेल तर ते पैसे वाया गेले. पिन एकदा गुंतली की रॅम खाली जाऊन वर येईपर्यंत थांबत नाही. सेन्सरला हात दिसला तरी रॅम थांबवणार कशाने? सेन्सर न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या, क्लच-ब्रेकच्या प्रेसवर लावायचा; तिथे रॅम मध्येच थांबवता येतो. पिन क्लचला डायभोवती पक्का गार्ड हवा आणि जॉब ठेवायला-काढायला चिमटा हवा. ब्रेकचं लायनर झिजलं की बटणाच्या एका दाबात दोन स्ट्रोक पडतात, म्हणजे रॅम दोनदा खाली येतो. तेव्हा हात सापडलेल्या माणसाने एकही नियम मोडलेला नसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

रात्रपाळी, पुठ्ठा कोंबून तुमच्या प्रेसचा स्ट्रोक पडतोच कसा? दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली आणि स्ट्रोकनंतर दोन्ही सोडली तरच पुढचा स्ट्रोक, असा सेफ्टी रिले मिळतो. तो असता तर टेपचा उपयोगच नव्हता.

आणि पगारातून कापायचं म्हणाल तर वेतनाच्या कायद्यात दंडाला पगाराच्या ३ टक्क्यांची मर्यादा आहे. आधी माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि ते पैसे कामगारांच्याच हितासाठी वापरावे लागतात.

रात्रपाळी
आज पॅनल उघडून बघितलं. दोन्ही बटणं सरळ सिरीजमध्ये जोडलेली आहेत, म्हणजे दोन्ही नुसती दाबलेली असली की स्ट्रोक पडतो; रिले नाही. मागणी टाकली आहे. पण रिले येईपर्यंत टेप दिसला की मी मशीन बंद करणारच. तिथे माघार नाही.

कामगारपोर
शंभर वेळा बंद करा. हजेरी का कापता? कापलीत तर पुढच्या वेळी टेप तुमच्या नजरेला पडणार नाही असा लागेल. मशीन बंद असतानाचे नग टार्गेटमधून वजा करून लेखी द्या. देता का?

रात्रपाळी
टार्गेट प्लॅनिंगकडून येतं, ते माझ्या हातात नाही. उद्याच्या मीटिंगला विषय काढतो, मिळेलच असं सांगत नाही. हजेरी मात्र माझ्या हातात आहे. त्याची त्या दिवसाची लावून टाकतो.