मदत हवी आहे: नरक्याच्या अर्काची एमटीटी चाचणी

नमस्कार मंडळी, मी कोल्हापुरात एम.एस्सी. करतेय, प्रकल्प नरक्यावर आहे. सह्याद्रीतलं हे झाड कॅम्प्टोथेसिन या कर्करोगविरोधी द्रव्यासाठी बेसुमार तोडलं गेलं, म्हणून मी फक्त पानं आणि कोवळ्या डहाळ्याच वापरते. टीएलसीवर (पातळ थरावर घटक वेगळे करायची पद्धत) ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाखाली प्रमाण नमुन्याच्या रेषेतच निळा ठिपका चमकतो. तरी कर्कपेशींवरच्या एमटीटी चाचणीत (जिवंत पेशी किती उरल्या ते रंगावरून मोजणारी) आयसी-५०, म्हणजे निम्म्या पेशी रोखणारी मात्रा, दर वेळी वेगळाच येतो. ७.४ पीएचच्या माध्यमात कॅम्प्टोथेसिनच्या रेणूतलं लॅक्टोन कडं (अणूंचं वलय) उघडतं आणि टोपोआयसोमरेज-१ हे पेशीतलं विकर (एन्झाइम) रोखायची ताकद घटते, त्यामुळे असेल का? डीएमएसओ या द्रावकातलं द्रावण ऐनवेळी पातळ केलं तर पुरतं, की पेशींसोबतचा वेळही कमी करावा? आणखी एक, रोपवाटिकेत वाढवलेली नरक्याची रोपं राधानगरी-गगनबावड्याकडं कुठं मिळतील? जंगलातलं झाड आता नको वाटतं. अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा.