मदत हवी आहे: लोखंडाच्या क्ष-किरण रेषेतून कृष्णविवराची फिरकी आणि व्यापक सापेक्षतेपासूनचं विचलन वेगळं कसं करायचं?

नमस्कार मंडळी. मी दादरची, एमएस्सीच्या प्रकल्पासाठी कृष्णविवरांचे क्ष-किरण वर्णपट अभ्यासतेय. लोखंडाची ६.४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेची रेषा विवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीतून येताना डॉप्लर परिणाम (वायूच्या वेगामुळे ऊर्जा बदलणं) आणि गुरुत्वीय ताम्रसृती (गुरुत्वाकर्षणामुळे ऊर्जा घटणं) यांमुळे पसरते, कमी ऊर्जेकडे तिला लांब शेपूट फुटतं. फार सुंदर आहे ते! अडलंय पुढे. तबकडीची आतली कड विवराच्या फिरकीवर ठरते. पण आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतापासून जरा विचलन असलं तरीही तीच कड सरकते. मग रेषेच्या आकारातून दोन्ही वेगळं कसं ओळखायचं? ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरचं लॅक्सपीसी हे क्ष-किरण उपकरण आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत घडलं, म्हणून त्याचीच विदा वापरायची खूप इच्छा आहे. त्याचं ऊर्जा-विभेदन (जवळजवळच्या ऊर्जा वेगळ्या ओळखण्याची क्षमता) पुरेल का? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा, रविवारी कुठेही भेटायला येईन.